लिटरामागे किलोमीटर, की लिटरामागे काम?

रायपूरच्या शंकर नगरात सकाळी दुकानांची दारे उघडू लागतात, त्या सुमारास लहान मालमोटारी रस्त्याच्या कडेस येऊन उभ्या राहतात. डुमरतराईच्या घाऊक बाजारातून किराणा व भाजी येते, पंडरीहून कापडाचे गठ्ठे येतात, भनपुरीच्या बाजूने लोखंडी सामान येते. चालक खाली उतरतो, दोन पोती उतरवतो, पावतीवर सही घेतो आणि शंभर पावलांवर पुन्हा थांबतो. या सर्व काळात इंजिन बहुधा चालूच असते. या गाडीस सर्वजण ‘पिकअप’ म्हणतात; तिच्याहून लहान, २००५ साली टाटांनी बाजारात आणलेल्या ‘एस’ या गाडीस लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले. महाराष्ट्रात अशा कोणत्याही गाडीस ‘टेम्पो’ म्हणण्याची सवय आहे. पुण्याच्या बजाज टेम्पो या कारखान्याचे नाव १९५८ नंतर भाषेत असे काही मुरले, की ते एका कारखान्याचे नाव आहे याचाच लोकांस विसर पडला.

नावे निराळी असली तरी ही गाडी घेताना, विकताना वा भाड्याने देताना विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: ‘ॲव्हरेज किती?’ रायपुरातील मराठी घरांत हा शब्द जसाच्या तसा वापरतात आणि शेजारच्या हिंदी व छत्तीसगढी बोलणाऱ्या घरांतही तोच चालतो. एक लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. कर्जाचा हप्ता फिटेल की नाही याचा हिशेब त्यावर होतो, फेरीचे भाडे त्यावर ठरते आणि चालकाच्या प्रामाणिकपणाची परीक्षाही त्यावरच घेतली जाते. मालकाने ठरवून दिलेल्या आकड्यापेक्षा अधिक डिझेल लागले की ती रक्कम चालकाच्या पगारातून कापण्याची रीत भारतातील मालवाहतुकीच्या धंद्यात नवी नाही. सरासरी घसरली म्हणजे डिझेल चोरीस गेले, असा हा सरळ न्याय आहे. डिझेलची चोरी होतच नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या मापाने चोर ठरवावयाचा ते माप त्या कामास योग्य आहे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

त्यासाठी एक लिटर डिझेलचे पुढे काय होते ते पाहू. एका लिटरात सुमारे ३६,००० किलोजूल एवढी उष्णता साठविलेली असते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ऑग्सबुर्ग येथे बनविलेल्या इंजिनाची १८९७ साली प्राध्यापक श्रटर यांनी परीक्षा घेतली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भागाचे कामात रूपांतर होत असल्याचे आढळले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांस याच्या निम्मेही क्वचितच साधत असे. आजचे इंजिन चांगल्या भारावर याहून पुष्कळ पुढे गेले आहे. परंतु गाडीच्या इंजिनास सदैव चांगला भार मिळत नाही आणि दंतचक्रे, पंखा, पंप हे सर्व आपापला वाटा घेतात. तेव्हा टाकीतील एक चतुर्थांश ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते असे धरले, तर अंदाज फारसा चुकणार नाही. म्हणजे एका लिटरामागे चाकांच्या वाट्यास ९,००० किलोजूल आले.

आता एक पिकअप डोळ्यांपुढे आणावी. रिकामी असता तिचे वजन १,७०० किलोग्रॅम, माल १,३०० किलोग्रॅम, एकूण तीन टन. सपाट डांबरी रस्त्यावर ती ताशी ६० किलोमीटर या एकसारख्या वेगाने चालली आहे. तिला दोन गोष्टींशी झगडावे लागते. पहिली म्हणजे टायरांचा रोध. रबर रस्त्यावर दबते व पुन्हा फुगते आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते. ज्यांना याचे मोल पाहावयाचे असेल त्यांस शंकर नगराजवळच एक चांगले उदाहरण आहे. रायपूरहून धमतरीस जाणारी अरुंदमापी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभापासून शहराच्या या भागातून धावत असे. तिचा शहरातील रूळमार्ग उखडून त्याच पट्ट्यावर आता केंद्रीकडे जाणारा द्रुतगती रस्ता झाला आहे. पोलादी चाकाने चांगल्या पोलादी रुळावर एक टन भार ओढण्यास दोन-तीन किलोग्रॅमभार एवढे बल पुरते; त्याच जागेवर डांबरी रस्ता व रबरी चाक आले की सुमारे दहा किलोग्रॅमभार लागते. रस्ता दारापर्यंत जातो आणि रूळ जात नाही, हे खरे. पण त्या सोयीची किंमत प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते. आपल्या तीन टनांच्या गाडीस हा रोध सुमारे ३०० न्यूटन भरतो.

दुसरा रोध हवेचा. मालाचा उंच हौदा घेऊन जाणाऱ्या पिकअपचे तोंड भिंतीसारखे असते. ताशी ६० किलोमीटर वेगास तिच्यावर हवेचा दाब साधारण २४० न्यूटन पडतो. दोन्ही मिळून ५४० न्यूटनांच्या आसपास. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५४० किलोजूल लागले, आणि ९,००० किलोजूलांत गाडी १७ किलोमीटरांच्या जवळपास गेली. वेग ८० वर नेला तर टायरांचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो. पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून पावणेदोन पटींहून किंचित अधिक होतो आणि १७ चे १२ होतात. गाडी तीच, चालक तोच, माल तोच. रस्त्यावर एका लिटरातील पाच किलोमीटर नाहीसे झाले ते केवळ घाईपायी.

महामार्गाची ही गोष्ट झाली. शंकर नगराच्या गल्लीत निराळाच हिशेब लागतो. तीन टनांची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगास नेली की तिच्यात सुमारे १८५ किलोजूल गतिज ऊर्जा साठते. ब्रेक दाबला की ही सर्व ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन विरते. त्याच वेगाने न थांबता चालत राहण्यास लागणारे बल पाहिले, तर एवढ्या ऊर्जेत गाडी सुमारे साडेचारशे मीटर गेली असती. म्हणजे किलोमीटरात दोनदा थांबणारी गाडी वस्तुतः जवळजवळ दोन किलोमीटरांचे डिझेल जाळते. शिवाय उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर तासाला अदमासे अर्धा लिटर निराळे जाते. समजा, दिवसभरात चालक गल्ल्यांतून ४० किलोमीटर फिरला. थांबत थांबत चालल्याने त्यास लिटरामागे १० किलोमीटर पडले आणि माल उतरवताना दोन तास इंजिन चालू राहिले. एकूण पाच लिटर डिझेल लागले. सरासरी आली आठ. महामार्गावरील त्याच्या सहकाऱ्याची सरासरी आहे सतरा. मालकाच्या वहीत पहिल्याच्या नावापुढे संशयाची खूण होते. वास्तविक डिझेलचा एक थेंबही इकडचा तिकडे झालेला नसतो. त्याने माल उतरवताना इंजिन बंद ठेवले असते तर एक लिटर वाचले असते आणि आठाचे दहा झाले असते. तेवढा दोष त्याचा. उरलेला सारा फरक रस्त्याचा व कामाचा आहे.

भारत स्टेज सहाचे निर्बंध एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. ती अडविलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते व त्यासाठी थोडे जास्तीचे इंधन खर्ची पडते. महामार्गावर धुराडे पुरेसे तापत असल्याने हे काम सहज होते. गल्लीत ते पुरतेपणी होत नाही आणि वारंवार करावे लागते. शहरातील चालकावर हा आणखी एक भार. हवा स्वच्छ राहावी म्हणून तो सोसणे युक्तच आहे, पण हिशेब करताना तो विसरणे युक्त नव्हे.

येथवर पाहिले तो मापाच्या अपुरेपणाचा दोष झाला. परंतु या मापात त्याहून मोठा दोष आहे. रिकामी गाडी घ्या. माल उतरल्यामुळे टायरांचा रोध कमी होतो, हवेचा तेवढाच राहतो. ताशी ६० किलोमीटर वेगास एकूण बल सुमारे तीन चतुर्थांशावर येते. हलक्या भारावर इंजिनाची कार्यक्षमता थोडी घसरते, ती जमेस धरली तरी रिकामी गाडी लिटरामागे सुमारे २० किलोमीटर जाईल. आता दोन चालकांची तुलना करू. दोघेही रायपुराहून १०० किलोमीटरांवरील गावी भरलेली गाडी नेतात. पहिला तेथून रिकामा परततो. जाताना त्यास सुमारे ५.९ लिटर लागले, येताना ५. दोनशे किलोमीटरांस १०.९ लिटर, म्हणजे सरासरी १८ च्या वर. दुसरा खटपट करून परतीचा माल मिळवितो व दोन्ही वेळा भरलेली गाडी चालवितो, त्यास ११.८ लिटर लागले, सरासरी १७. रूढ मापाने पहिला चालक श्रेष्ठ ठरला. पण काम किती झाले? एक टन माल एक किलोमीटर नेणे यास एक टन-किलोमीटर म्हटले, तर पहिल्याने एका लिटरात १२ टन-किलोमीटर काम केले, दुसऱ्याने २२. ज्याने त्याच इंधनात जवळजवळ दुप्पट काम केले तोच वहीत उणा दिसतो. लिटरामागे किलोमीटर हे माप माणसे नेणाऱ्या मोटारीसाठी चालून जाईल. जिचा जन्मच भार वाहण्यासाठी झाला तिच्या बाबतीत ते रिकामेपणास बक्षीस देते.

टन-किलोमीटर मोजा म्हटले की क्षमतेपेक्षा अधिक माल भरण्याचा मोह होईल, अशी शंका येथे कोणी घेईल. ती रास्त आहे. लिटरामागे अधिकाधिक टन-किलोमीटर हवे असतील तर सव्वा टनाच्या गाडीत दोन टन कोंबणे हा सर्वांत सोपा मार्ग, आणि तो प्रत्यक्षात अवलंबिलाही जातो. टायर फुटणे, ब्रेक उशिरा लागणे, पाट्या तुटणे ही त्याची फळे होत. म्हणून नोंदणीपत्रात दिलेल्या भारापर्यंतचाच माल या हिशेबात धरावा, त्यापुढचा धरू नये. शिवाय गल्लीतल्या गाडीची तुलना महामार्गावरच्या गाडीशी या मापानेही करता येणार नाही. दर दुकानापाशी तिचा भार घटत जातो. तिचे टन-किलोमीटर थोडेच भरणार. तिची तुलना तिच्याच कालच्या फेरीशी, त्याच गल्ल्यांतील दुसऱ्या गाडीशी व्हावी. समान कामाची समान कामाशी तुलना, एवढे पाळले तरी पुष्कळ अन्याय टळेल.

मग कारखान्याने जाहीर केलेला आकडा कोणता? तो प्रयोगशाळेत मिळतो. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत गाडी मोठ्या रुळांवर चढवितात. गाडी जागच्या जागी राहते, चाके रूळ फिरवितात आणि रुळांवर रस्त्याएवढा रोध लावलेला असतो. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवीत, कमी करीत, थांबत ११८० सेकंद ती चालविली जाते. ही पद्धत खोटी नाही. दोन गाड्यांची तुलना एकाच परिस्थितीत व्हावी यासाठी ती आवश्यकच आहे. परंतु लहान गाड्यांच्या या परीक्षेत वजन धरतात ते रिकाम्या गाडीत एक-दोन माणसे बसावीत इतकेच. याउलट बारा टन व त्यावरील अवजड गाड्यांसाठी भारताने २०१७ साली जी इंधनव्ययाची मानके काढली, त्यांची परीक्षा पूर्ण भरलेल्या गाडीवर, ताशी ४० व ६० किलोमीटर या स्थिर वेगांस होते. लहान गाडीच्या परीक्षेत थांबे आहेत पण भार नाही. मोठ्या गाडीच्या परीक्षेत भार आहे पण थांबे नाहीत. शंकर नगरातील पिकअपला दोन्ही आहेत, आणि तिच्यासाठी कोणतीच परीक्षा नाही.

ही अडचण एकट्या भारताची नाही. अमेरिकेत पिकअप हे अत्यंत लोकप्रिय वाहन. परंतु ज्यांचे भारासह कमाल वजन ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५५ किलोग्रॅमांच्या वर आहे, अशा मोठ्या डिझेल पिकअपवर इंधनव्ययाचा सरकारी आकडा लावण्याचे बंधन नाही. त्या घेणाऱ्यास शेजाऱ्याच्या अनुभवावरच विसंबावे लागते. युरोपात आकडा होता, पण तो वर्षागणिक वास्तवापासून दूर जात राहिला. २००१ च्या सुमारास प्रयोगशाळा व रस्ता यांतील अंतर दहा टक्क्यांच्या आत होते. २०१५ च्या सुमारास ते ४० टक्क्यांवर गेले. परीक्षेच्या नियमांतील प्रत्येक सवलतीचा कारखान्यांनी लाभ घेतला, हे त्याचे एक मोठे कारण. २०१७ पासून तेथे नवी परीक्षा आली, आणि मालवाहू गाडीच्या परीक्षेत वहनक्षमतेचा काही भाग भरलेला धरण्याचा नियम झाला. त्यानंतर प्रत्येक नव्या मोटारीत व लहान मालगाडीत प्रत्यक्ष इंधनव्यय मोजून ठेवणारी नोंदयंत्रणाही सक्तीची झाली. २०२४ साली जाहीर झालेल्या पहिल्या नोंदींत मोटारींचा रस्त्यावरील व्यय परीक्षेतील आकड्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने अधिक निघाला. अंतर उरले आहेच. पण ते आता कोणाच्या तक्रारीवर अवलंबून नाही, मोजलेले आहे.

भारतातील लहान मालगाड्यांस हेच धोरण लावावे. कारखान्यांनी एका आकड्याऐवजी निदान दोन जाहीर करावेत, रिकाम्या गाडीचा व पूर्ण भरलेल्या गाडीचा. दोन्ही शहरी थांब्यांसह मोजलेले. नव्या गाड्यांच्या इंजिनात किती इंधन सोडावयाचे हे विद्युत्-नियंत्रक ठरवीत असतो. त्याच्यापाशी हा हिशेब असतोच. तो चालकास व मालकास सारखाच दिसेल अशी व्यवस्था करणे फार खर्चाचे नाही. वादाच्या वेळी चालकाजवळ दाखविण्यासारखे काही असेल, हा त्याचा मोठा लाभ.

आकडा कोणत्या रूपात छापावा हाही प्रश्न लहान नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक व सोल या दोन संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले, की इंधनामागे अंतर सांगणारा आकडा सुशिक्षितांसही चकवितो. विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरण स्वतः करून पाहावे. एक जुनी गाडी दुरुस्तीनंतर ८ ऐवजी १० किलोमीटर देऊ लागली. दुसरी १६ ऐवजी १८. वाढ दोन्हीकडे दोनचीच. परंतु शंभर किलोमीटरांस पहिलीचे अडीच लिटर वाचले, दुसरीचे पाऊण लिटरही नाही. तसेच शंभर किलोमीटर शहरात १० च्या सरासरीने व शंभर किलोमीटर बाहेर १८ च्या सरासरीने गेलेल्या गाडीची एकूण सरासरी १४ येत नाही, १३ हूनही किंचित कमी येते. वहीत दोन आकड्यांची बेरीज करून दोनाने भागणारा मालक प्रत्येक वेळी चालकाच्या विरुद्ध चुकतो. शंभर किलोमीटरांस लिटर अशा रूपात आकडा लिहिला तर ही चूक होतच नाही.

यंत्रणा येईल तेव्हा येवो. तोपर्यंत वही आहे. टाकी पूर्ण भरावी, मीटर लिहावे, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरावी व लागलेले लिटर लिहावे, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. एकाच भरण्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. पंपाची नळी थोडी आधी वा नंतर बंद झाली की एका लिटराचा फरक सहज पडतो, आणि दहा लिटरांत तो दहा टक्के होतो. पहाटे थंड वेळी भरल्यास डिझेल अधिक मिळते, हा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु दहा अंशांच्या फरकाने डिझेलचे आकारमान एक टक्काही बदलत नाही आणि पंपाच्या जमिनीखालील टाकीत एवढा फरक दिवसभरात पडतही नाही. त्यासाठी झोप मोडण्याचे कारण नाही. त्याऐवजी टायरांतील हवा पाहावी.

खरी अडचण निराळी आहे. एकच गाडी असलेला मालक-चालक टाकी पूर्ण भरतच नाही. त्या दिवसाच्या भाड्यातून पाचशे रुपयांचे डिझेल, उद्याच्या भाड्यातून पुन्हा पाचशेचे, असा त्याचा व्यवहार असतो. त्यासाठी महिन्याचा हिशेब धरावा. पहिल्या तारखेस टाकीचा काटा कोठे आहे ते पाहावे, महिनाभर घेतलेल्या प्रत्येक पावतीवरील लिटर लिहावे, आणि शेवटी काटा जवळपास त्याच जागी असता बेरीज करावी. काट्याच्या अंदाजात पाच लिटरांची चूक झाली तरी दीडशे लिटरांच्या बेरजेत ती तीन-साडेतीन टक्क्यांहून अधिक नाही. वहीत तारीख, मीटर, लिटर यांच्या जोडीस दोन रकाने अधिक आखावेत: किती माल नेला आणि किती ठिकाणी थांबलो.